नारळाची झावळी खालून पिवळी पडते तेव्हा

प्रश्न : मोहोळ तालुक्यात माझी भारी काळी जमीन आहे. उसाच्या बांधाने लावलेली बाणवली नारळाची ३२ झाडे आता ११ वर्षांची झाली आहेत. दोन वर्षांपासून खालच्या झावळ्या पिवळ्या पडत आहेत, नव्या झावळ्या आखूड निघत आहेत आणि नारळ निम्म्यावर आले आहेत. एका झाडाच्या झावळ्या मोजल्या, तर १९ भरल्या. शेंड्याखालचे खोडही बारीक दिसते. खताच्या दुकानात पालाश कमी असल्याचे सांगितले, म्हणून झाडामागे २ किलो म्युरेट ऑफ पोटॅश दिले; मग सूक्ष्म अन्नद्रव्यांची पिशवी दिली. चैत्रात प्रत्येक बुंध्याभोवती १ किलो युरिया टाकला, परंतु कालव्याचे पाणी चार दिवसांनी मिळाले. हिवाळ्यात ऊस तुटल्यावर प्रत्येक आळ्यात अंदाजे ५० किलो पाचट गाडले आहे. पिवळ्या झावळ्या मी वेळोवेळी काढून टाकतो. पाटालगतच्या तीन झाडांचा मात्र शेंडाच पिवळा आहे. फोटो पाठवले आहेत. नक्की काय कमी आहे आणि काय करावे?
— एक वाचक, मोहोळ तालुका, जि. सोलापूर

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपले पत्र मी दोनदा वाचले. वैशाखाच्या उन्हात झाडाखाली उभे राहून आपण झावळ्या मोजल्यात, पाचट किती गाडले आणि पाणी किती दिवसांनी आले हेही नोंदवलेत, याचे मला मनापासून समाधान वाटले, कारण या बारीकसारीक नोंदींमुळेच दुरून उत्तर देणे शक्य झाले आहे. आपल्या २९ झाडांना नत्राची कमतरता आहे. पाटालगतच्या तीन झाडांचे दुखणे निराळे आहे, त्याविषयी शेवटी लिहितो. आणि नत्र कमी पडले ते आपण दिले नाही म्हणून नव्हे, तर दिलेले झाडाच्या मुळापर्यंत पोहोचले नाही म्हणून. उपाय करताना हा फरक सतत ध्यानात ठेवावा लागेल.

निदान कशावरून केले ते आधी सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी आपल्याला कोणाच्या सांगण्यावर विसंबावे लागणार नाही. नत्र झाडाच्या अंगात फिरते असते. जमिनीतून ते पुरेसे येईनासे झाले, की झाड जुन्या झावळीतले नत्र काढून घेते आणि शेंड्यातल्या कोवळ्या पानाला देते. घरात टंचाई आली की थोरांच्या ताटातला घास पोरांच्या ताटात जावा, तसेच हे. म्हणून पिवळेपणा नेहमी सर्वांत खालच्या झावळीपासून सुरू होतो आणि वर चढत जातो. ज्वारीच्या शेतात वाढलेल्या माणसाला हे चित्र परके नाही, कारण मालदांडीला नत्र कमी पडले तरी आधी खालचीच पाने पिवळी होतात. मात्र निरोगी नारळाचीही सर्वांत खालची एखाददुसरी झावळी वयोमानाने पिवळी पडून वाळते, आणि तेवढ्यावरून काळजी करू नये. आपल्या झाडांवर खालच्या सात-आठ झावळ्या एकाच वेळी पिवळ्या आहेत आणि वरच्यांचा हिरवा रंगही फिका झाला आहे, ही बाब वयोमानात बसत नाही.

आता पिवळेपणाची जात. आपल्या चौथ्या फोटोत जमिनीवर ठेवलेली झावळी आहे, ती मी मोठी करून पाहिली. तिची प्रत्येक पाती देठापासून टोकापर्यंत एकसारखी फिकट सोनेरी झाली आहे, मधली शीरही पिवळी आहे, आणि कुठेही ठिपका किंवा करपलेला डाग नाही. नत्राच्या कमतरतेची खूण हीच, की रंग सगळीकडून सारखा उतरतो.

पालाश कमी पडले तरी लक्षण जुन्याच झावळ्यांवर दिसते, त्यामुळे दुकानात झालेली गफलत समजण्यासारखी आहे. परंतु त्यात पातीवर पिवळे-नारिंगी ठिपके पडतात आणि टोके करपून चुरगळतात. एक पाती तोडून सूर्याकडे धरावी. पालाश कमी असेल तर ते ठिपके तेलाच्या डागासारखे आरपार दिसतात, आणि नत्र कमी असेल तर सगळी पाती सारख्याच फिकट रंगाची दिसते. दख्खनच्या काळ्या जमिनीत पालाश साधारणपणे बऱ्यापैकी असते, हेही येथे आपल्या निदानाच्या बाजूने जाते. मॅग्नेशियमची कमतरताही जुन्या झावळ्यांवरच येते, पण तिथे झावळीची बाहेरची कड पिवळी होऊन मधल्या दांड्यालगतचा पट्टा गडद हिरवा राहतो, आणि उन्हाची बाजू सावलीच्या बाजूपेक्षा जास्त पिवळी असते. आपल्या कोणत्याही फोटोत असा पट्टा नाही.

कीड-रोगाचा संशयही एकदा फेडून घ्यावा. पातीच्या खालच्या बाजूला पांढरी मेणचट वलये आणि वरच्या बाजूला काजळी असेल तर ती पांढरी माशी. जाळी आणि विष्ठेचे बोगदे असतील तर काळ्या डोक्याची अळी. बुंध्यातून तपकिरी चिकट द्रव पाझरत असेल तर मात्र खताचा विचार बाजूला ठेवून तज्ज्ञाला झाड दाखवावे. फोटोंवरून यातले काही दिसत नाही, तरी प्रत्येक झाडाखाली जाऊन खात्री करावी.

शेंड्याखालच्या बारीक खोडाविषयी आपण विचारले आहे. कमतरता पुष्कळ काळ राहिली, की नारळाचे खोड वर जाताना पेन्सिलीच्या टोकासारखे निमुळते होत जाते आणि झावळ्यांच्या खुणांची वलये एकमेकांजवळ येतात. आंबा किंवा कडुनिंब यांचे खोड वर्षावर्षाला जाड होते, तसे नारळाचे होत नाही; जो भाग बारीक झाला तो बारीकच राहतो. झाड सुधारले की त्याच्या वरचा नवा भाग पुन्हा जाड निघतो, आणि मधली कंबर त्या वाईट वर्षांची खूण म्हणून कायम राहते. ती भरून यावी म्हणून जास्त खत टाकू नये.

नत्र गेले कुठे, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. चैत्रात टाकलेल्या १ किलो युरियात ४६० ग्रॅम नत्र होते. युरिया ओलाव्याच्या संपर्कात आला की जमिनीतल्या विकराने त्याचे अमोनियात रूपांतर होते. तो मातीत झाकलेला असेल तर मातीचे कण अमोनियाला धरून ठेवतात, परंतु पृष्ठभागावर उघडा असेल, जमीन चुनखडीची असेल आणि ऊन कडक असेल, तर अमोनियाचा वायू होऊन तो हवेत जातो. आपल्या जिल्ह्यातल्या पुष्कळ काळ्या जमिनींचा सामू (आम्ल-विम्लतेचा आकडा, पीएच) ८ च्या वर असतो आणि चैत्रात पारा चाळिशी ओलांडतो, म्हणजे नत्र उडून जायला जे जे लागते ते सगळे आपल्या बांधावर त्या चार दिवसांत हजर होते. २०१५ पासून आपल्याकडे मिळणारा जवळजवळ सगळा युरिया निंबोळीचे आवरण असलेला असतो, त्यामुळे तो उडत नाही असा पुष्कळांचा समज आहे. निंबोळीमुळे अमोनियमचे नायट्रेट होण्याची क्रिया मंदावते; पृष्ठभागावरून अमोनिया उडून जाणे त्यामुळे थांबत नाही. युरिया मातीआड करणे आणि लगेच पाणी देणे, याला पर्याय नाही.

दुसरे कारण पाचट. या बाबतीत मला आपली फार हळहळ वाटली, कारण पाचट न जाळता जमिनीला परत देण्याचा आपला विचार शंभर टक्के योग्य आहे. चुकली ती फक्त पद्धत. पाचटात कर्ब भरपूर आणि नत्र जेमतेम असते. ते मातीत मिसळले की कुजवणाऱ्या जिवाणूंची संख्या झपाट्याने वाढते, आणि त्यांना स्वतःचे शरीर बांधायला लागणारे नत्र पाचटात मिळत नाही म्हणून ते आजूबाजूच्या मातीतून उचलतात. ज्या मातीत नारळाची मुळे आहेत, त्याच मातीतले हे नत्र असते. पाचट पूर्ण कुजल्यावर ते जिवाणू मरतात आणि नत्र मोकळे होते, पण तोवर काही महिने झाड उपाशी राहते. आपल्या सहाव्या फोटोत कुदळीने उकरलेले आळे आहे; त्यात पाचटाचे तुकडे अजून सोनेरी आणि कडक आहेत, त्यांच्यावर बुरशीचे पांढरे धागे नुकते धरू लागले आहेत, आणि भोवतीच्या मातीत काळपट कुजलेला भाग जवळजवळ दिसत नाही. नत्राची ही ओढ अजून संपलेली नाही, हे त्या फोटोने सांगितले. दुखणे दोन वर्षांचे असल्याने पाचट हे मूळ कारण नव्हे, परंतु आधीच अशक्त असलेल्या झाडावर हिवाळ्यात हा भार पडला.

आता उपाय. पाचट कुजवण्यासाठी १ टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणूसंवर्धक वापरण्याची पद्धत आपण उसात पाहिली असेलच. त्याच हिशेबाने ५० किलो पाचटाच्या आळ्याला ४०० ग्रॅम युरिया, ५०० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट आणि ५० ग्रॅम जिवाणूसंवर्धक लागेल. हे झाडाचे खत नव्हे, हे पाचटाचे देणे आहे; ते आधी फेडावे. जिवाणूसंवर्धक रासायनिक खतात न मिसळता दोन घमेली ओलसर शेणखतात मिसळून वेगळे टाकावे. आळे पुन्हा खोल खणून पाचट उपसत बसू नये, कारण त्यात मुळे तुटतील. जे पाचट सहज वर येईल ते आळ्यावर पसरून आच्छादन म्हणून राहू द्यावे. पृष्ठभागावरच्या पाचटाचा मातीशी संबंध कमी येतो, म्हणून ते नत्र फारसे ओढत नाही आणि उन्हाळ्यात ओल टिकवते. यापुढे दरवर्षी पाचट असेच वरून पसरावे, गाडू नये.

त्यानंतर चार-पाच आठवड्यांनी झाडाचे खत सुरू करावे. पाच वर्षांवरील झाडाला किती नत्र द्यावे याविषयी शिफारशी वेगवेगळ्या आहेत. कासरगोडची केंद्रीय रोपवन पीक संशोधन संस्था वर्षाला ५०० ग्रॅम नत्र, ३२० ग्रॅम स्फुरद आणि १,२०० ग्रॅम पालाश सांगते, तर कोकणात रूढ असलेल्या मात्रेत नत्र जवळपास १ किलो, म्हणजे युरिया सव्वादोन किलो बसतो. आपली झाडे खंगलेली आहेत आणि कालव्याचे पाणी मिळते, म्हणून पहिली दोन वर्षे मी आपल्याला मोठी मात्रा सुचवतो. झाड सावरल्यावर माती तपासून ती खाली आणावी. हा सव्वादोन किलो युरिया एकदम कधीही देऊ नये. ७५० ग्रॅमचे तीन हप्ते करावेत : पहिला पावसाळ्यात, दुसरा सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात, आणि तिसरा फेब्रुवारीत. आपल्याकडे मृगाचा भरवसा धरता येत नाही आणि खरा पाऊस पुष्कळदा सप्टेंबरातच पडतो, म्हणून पहिल्या हप्त्याची तारीख पंचांगावरून न ठरवता आळ्यातली ओल पाहून ठरवावी. वाफसा असेल आणि पाठोपाठ पाणी देण्याची सोय असेल, तरच युरियाची पिशवी फोडावी. सगळ्या २९ झाडांचा एक हप्ता २२ किलोपेक्षा कमी, म्हणजे ४५ किलोच्या पिशवीच्या निम्माही भरत नाही, तेव्हा वजनकाट्यावर मोजून डबा ठरवून घ्यावा आणि मूठ-पसा हे माप वापरू नये.

खत कुठे टाकायचे हे मात्रेइतकेच महत्त्वाचे आहे. बुंध्याला खेटून टाकलेल्या खताचा उपयोग कमी, कारण अन्न घेणारी मुळे मुख्यतः बुंध्यापासून दीड-दोन मीटरच्या घेरात पसरलेली असतात. बुंध्यापासून दोन फूट जागा सोडावी, तिथून सहा फुटांपर्यंतच्या पट्ट्यात खत सारखे पसरावे, कुदळीने चार-पाच इंच मातीत मिसळावे आणि त्याच दिवशी पाणी द्यावे. युरियाऐवजी अमोनियम सल्फेट मिळाले तर एका हप्त्याला १,६५० ग्रॅम लागेल. त्यातून गंधकही मिळते, मात्र चुनखडीच्या जमिनीत तेही उघडे ठेवून चालत नाही. युरियाची फवारणी करावी का, असे आपण विचारलेले नाही, पण कोणी तरी सुचवीलच. एवढ्या उंच झाडाला पुरेल इतके नत्र पानांवाटे देता येत नाही, तेव्हा त्यावर मजुरी खर्च करू नये.

रासायनिक खताच्या जोडीला झाडामागे ५० किलो कुजलेले शेणखत पावसाळ्याच्या सुरुवातीला द्यावे. त्यातूनही सुमारे पाव किलो नत्र मिळते, आणि ते सावकाश मिळते हाच त्याचा गुण. शेणखत पुरत नसेल तर आळ्यात ताग किंवा चवळी पेरून फुलावर येताच जागच्या जागी मिसळावी. ही कोवळी हिरवळ पाचटाच्या नेमकी उलट वागते, लवकर कुजते आणि नत्र देते. बांधावर गिरीपुष्पाची खुंटे रोवली तर दोन वर्षांनी पाल्याची चणचण राहणार नाही. पालाश पुढच्या वर्षी बंद करू नये, कारण एकटे नत्र वाढवले की पालाशाची कमतरता डोके वर काढते. आपण दिलेले २ किलो म्युरेट ऑफ पोटॅश ही वर्षाची पुरेशी मात्रा आहे. ती पुढे दोन-तीन हप्त्यांत विभागावी.

पिवळ्या झावळ्या काढण्याची सवय कृपा करून लगेच सोडावी. पिवळी झावळी आपल्याला निरुपयोगी दिसते, पण झाड अजून तिच्यातून अन्न काढून वर पाठवत असते. ती तोडली की झाड त्याच्या वरच्या झावळीतून काढू लागते आणि पिवळेपणा आणखी एक पायरी चढतो. मंडपासाठी आणि खराट्यासाठी हिरव्या झावळ्या मागायला लोक येतात, त्यांनाही निदान दोन वर्षे नाही म्हणावे. शिवाय ताज्या जखमेच्या वासावर लाल सोंड्या भुंगा येतो, आणि तो एकदा खोडात शिरला की झाड वाचवणे कठीण होते. पूर्ण वाळून तपकिरी झालेली, हाताने ओढताच सुटणारी झावळीच तेवढी काढावी.

पाटालगतच्या तीन झाडांना युरियाचा वाढीव हप्ता देऊ नये. त्यांची खालची झावळी हिरवी आहे आणि शेंड्यातली नवी पाने पिवळी आहेत, पातीच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पांढुरका झाला आहे. लोह झाडाच्या अंगात फिरत नाही, म्हणून त्याची कमतरता नव्या पानावर दिसते. मंगळवेढ्याकडे एका बांधावर अशाच झाडांना तीनदा युरिया दिलेला मी पाहिला आहे. पिवळेपणा तसाच राहिला आणि पैसा गेला. आपल्या जमिनीत लोह नाही असे नव्हे. चुनखडी आणि पाटाच्या पाझराने साचलेले पाणी यांमुळे ते मुळांना घेता येत नाही. आधी पाटाच्या बाजूने दीड-दोन फूट खोल चर काढून पाण्याला वाट द्यावी, कारण मुळे गुदमरलेली असताना कोणतेही औषध लागू पडत नाही. मग हिराकस (फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचे खत) नुसता मातीत न टाकता शेणखतात आठवडाभर मुरवून द्यावा, कारण नुसता टाकला तर चुनखडी त्याला लगेच बांधून ठेवते. चिलेटेड लोह घ्यायचे झाल्यास ईडीडीएचए प्रकारचे घ्यावे. ईडीटीए प्रकारचे आपल्या सामूला टिकत नाही.

माती परीक्षण जरूर करावे, मात्र उसाच्या सरीतली माती न देता नारळाच्या आळ्यातली द्यावी, आणि अहवालात सामू, सेंद्रिय कर्ब, उपलब्ध नत्र व मुक्त चुनखडी हे चारही आकडे मागावेत. उपलब्ध नत्र हेक्टरी २८० किलोंच्या खाली असेल तर ते कमी समजतात. पान परीक्षणाची सोय झाली तर वरून पहिली पूर्ण उघडलेली झावळी एक धरून चौदावी निवडावी (तिच्या बेचक्यात सहसा मुठीएवढी फळे असतात) आणि तिच्या मध्यभागातल्या पात्या द्याव्यात. त्यात नत्र १.८ ते २ टक्क्यांच्या खाली आले की कमतरता पक्की झाली.

फळ केव्हा दिसेल, याचे खरे उत्तर आपल्याला आत्ताच द्यायला हवे. नारळाची पोय (फुलोरा) बाहेर दिसण्याच्या सुमारे अडीच वर्षे आधी आत आकार घेऊ लागते, आणि पोय उघडल्यावर नारळ पक्व व्हायला आणखी वर्ष लागते. यंदाच्या उपासमारीतल्या पोयी झाडाच्या पोटात आधीच तयार होत आहेत, त्यामुळे पुढचे वर्ष-दीड वर्ष नारळ वाढले नाहीत तर खत वाया गेले असे समजून मध्येच सोडू नये. रंग मात्र लवकर बोलतो. दोन-तीन महिन्यांत वरच्या झावळ्या गडद होऊ लागतील आणि मधल्या फिकट झावळ्यांतही काही प्रमाणात हिरवेपणा परतेल. अगदी खालच्या पिवळ्या झावळ्या तशाच वाळून जातील.

पहिला हप्ता देण्याच्या दिवशी शिडी लावून चार झाडांवर एवढे करावे : सर्वांत वरच्या पूर्ण उघडलेल्या झावळीच्या देठावर लाल ऑइल पेंटचा ठसठशीत पट्टा ओढावा आणि तारीख वहीत लिहावी. निरोगी झाड वर्षाला १२ ते १४ झावळ्या काढते. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात त्या पट्ट्याच्या वर किती झावळ्या आल्या ते मोजावे, आणि तो आकडा माती परीक्षणाच्या अहवालासह मला कळवावा. फेब्रुवारीनंतरची मात्रा कमी करायची की तीच ठेवायची, ते त्यावरून सांगता येईल.